बिऱ्हाड हलविताना

(भोसरी येथील उपासक-उपासिकांपुढे केलेले धम्मप्रवचन)



मे महिना सरत आला की आपल्या भोसरीत लांडेवाडीपासून दिघी रोडपर्यंत गल्लोगल्ली टेम्पो भरताना दिसतात. कोणाचा अकरा महिन्यांचा करार संपलेला असतो, कोणाच्या घरमालकाने भाडे वाढविलेले असते, कोणाची कंपनी चाकणकडे गेलेली असते आणि ठेकेदाराने इकडची माणसे कमी केलेली असतात. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी मुलांचे दाखले हलवावयाचे म्हणून सर्वांना हाच महिना सापडतो. पत्र्याची पेटी, शेगडी, पाण्याचे पिंप, दप्तरे, आणि धक्का लागू नये म्हणून जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतलेली तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातील वडीलधारी माणसे १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून अशीच या कारखान्यांच्या पट्ट्यात उतरली. तेव्हापासून आपली बिऱ्हाडे हलतच आहेत.

त्या टेम्पोत कर्ज दिसत नाही. परंतु खोली सोडली तरी ते मागे राहत नाही, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. आज मी त्याविषयी बोलणार आहे.

काही उपासक म्हणतात की, विहारात पैशाच्या गोष्टी कशाला? येथे शील, समाधी, प्रज्ञा यांवर बोलावे. ज्यांना असे वाटते त्यांनी विनयपिटक पाहावे. उपसंपदेसाठी उभ्या राहिलेल्या उमेदवाराला संघ काही ठरावीक प्रश्न विचारतो. तुला अमुक रोग आहे काय, तू स्वतंत्र आहेस काय, आईवडिलांची संमती आहे काय, आणि त्यांतच एक प्रश्न असा की, तू ऋणमुक्त आहेस काय? हा प्रश्न कसा आला त्याची हकिकत महावग्गात आहे. एक कर्जबाजारी मनुष्य सावकारांच्या भीतीने पळाला आणि भिक्षू झाला. सावकारांनी त्याला ओळखले. काही म्हणाले, हाच तो, धरा याला. दुसरे म्हणाले, काही बोलू नका, राजा बिंबिसाराने भिक्षूंना अभय दिलेले आहे. लोकांत कुजबुज झाली की, हे बरे आहे, देणे बुडवावे आणि चीवर पांघरावे. ही गोष्ट भगवंतांच्या कानी गेली, आणि ऋणकऱ्याला प्रव्रज्या देऊ नये असा नियम त्यांनी केला.

बंधूंनो, या नियमाचा अर्थ नीट लक्षात घ्या. कर्ज झाले म्हणून तो मनुष्य पापी, असे भगवंत म्हणाले नाहीत. कर्ज तर अनाथपिंडिकासारख्या श्रेष्ठीच्याही अवतीभवती होते. त्याचे स्वतःचेच किती तरी धन लोकांनी उसने नेऊन परत केले नाही, असे अट्ठकथा सांगते. भगवंतांनी अडविले ते पळण्याला. ज्याने पवित्र चीवराची आडोशासारखी वाट होऊ दिली नाही, त्या शास्त्याचे उपासक म्हणवून घेणाऱ्यांनी नव्या खोलीचा आडोसा करावा काय?

हे मी स्पष्टच विचारतो, कारण असे घडते. महिन्याच्या अखेरीस रात्री अकरानंतर टेम्पो येतो. वाणी दुकान बंद करून गेलेला असतो, घरमालक गावाला गेलेला असतो. सकाळी खोलीला कुलूप, फोन बंद. आता हा वाणी कोण असतो? बहुधा तोही कोठून तरी पोट भरावयास आलेला, दुकानामागच्या पोटमाळ्यावर निजणारा गरीब. त्याचे चार हजार बुडाले म्हणजे घाऊक व्यापाऱ्याचे देणे त्याच्या डोक्यावर बसते. आणि पुढे काय होते? त्या गल्लीत दुसरे जयभीमवाले कुटुंब येते तेव्हा तो म्हणतो, तुम्हा लोकांना उधार नाही. एकाने रात्री बिऱ्हाड हलविले, दार मात्र दहा जणांचे बंद झाले. पंचशीलातील दुसरे शील आपण रोज म्हणतो. न दिलेले घेणार नाही, ही प्रतिज्ञा केवळ खिसेकापूंसाठी नाही.

आता दुसरी बाजू. शील सांभाळावयाचे म्हणजे सावकारापुढे मान तुकवावयाची, असा अर्थ कोणी घेऊ नये. अंगुत्तर निकायात ऋणावर एक सुत्त आहे. दारिद्र्य हे संसारी माणसाला दुःख आहे. दरिद्री माणूस कर्ज काढतो, तेही दुःख. मग व्याज भरतो, तेही दुःख. मग तगादा लागतो, मग पाठलाग होतो, आणि शेवटी तो बंधनात पडतो. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही साखळी आपल्या वस्तीत कडी-कडी मोजून दाखविता येते. दवाखान्यासाठी तीस हजार शेकडा पाच दराने घेतले. शेकडा पाच हे बोलावयास सोपे, पण ते महिन्याचे असते. म्हणजे दरमहा दीड हजार, वर्षाला शेकडा साठ. वीस महिन्यांत तीस हजार व्याज गेले आणि मुद्दल जिथल्या तिथे. मग व्याज भरण्यासाठी मोबाइलवरील अ‍ॅपचे कर्ज, त्याचे हप्ते भरण्यासाठी ठेकेदाराकडून उचल. उचल घेतली की काम सोडता येत नाही. कोठे कोठे पगाराचे एटीएम कार्डही मुकादमाच्या खिशात राहते. सुत्तातील बंधन म्हणजे केवळ तुरुंग नव्हे. उचलीपोटी माणसाला कामाला बांधून ठेवणे हा या देशात १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरलेला आहे, हे आपल्या तरुणांनी ठेकेदाराला ऐकू जाईल असे एकमेकांना सांगावे.

आणि हेही सांगावे की, महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे. परवानाधारक सावकारालाही बिगरशेती कर्जावर वर्षाला तारण असेल तर शेकडा १५ आणि तारण नसेल तर शेकडा १८, याहून अधिक व्याज लावता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करावयाची असते. बँकांचे व वित्तसंस्थांचे नियम वेगळे आहेत, तरी त्यांच्या वसुलीच्या माणसांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावले आहे. न दिलेले घेणे हे जर शीलभंग आहे, तर दीनाच्या दुखण्यावर शेकडा साठ घेणेही शीलभंगच आहे. देणे द्यावे, पण न्याय्य असेल तेवढेच द्यावे, आणि ते उजेडात द्यावे.

आपण कर्जाविषयी बोलतो तेव्हा आणखी एक गोष्ट आठवली पाहिजे. ज्या धर्मातून आपण बाहेर पडलो तेथे माणूस जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे शिकविले जाई: देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे. ती फेडण्यासाठी यज्ञ, श्राद्ध, पिंड, आणि या सर्वांच्या मध्ये दक्षिणा घेणारा हात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान करणार नाही अशी प्रतिज्ञा आहे. त्या दिवशी जन्माचे ते खोटे खाते आपण बंद केले. मग त्याच जागी आपण दुसरे खाते का उघडले? लग्नात हजार पाने उठली पाहिजेत, नव्या खोलीत पाऊल टाकताना मंडप पाहिजे, १४ एप्रिलला आमच्या गल्लीचा आवाज शेजारच्या गल्लीपेक्षा मोठा पाहिजे. जयंती धुमधडाक्यात व्हावी, त्याला माझा विरोध नाही. पण ज्या घरात जूनची वह्या-पुस्तके उधारीवर येणार आहेत त्या घराकडून एप्रिलमध्ये पाच हजारांची वर्गणी भरवशाने मागणाऱ्या मंडळाला मी बाबासाहेबांचे मंडळ म्हणावयास तयार नाही.

बाबासाहेबांनीही कर्ज काढले होते. १९२० साली लंडनचे अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यास ते निघाले तेव्हा सिडनहॅम कॉलेजातील नोकरीत शिल्लक टाकलेले पैसे त्यांच्यापाशी होते, आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये होते. तिकडे उपासतापास काढून त्यांनी अभ्यास केला आणि इकडे रमाईंनी परळच्या चाळीत तुटपुंज्या पैशांत घर चालविले. त्या कर्जातून रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ निघाला. १९२३ साली तो प्रसिद्ध झाला. आपल्याजवळच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी ज्यांनी भगवान बुद्धांच्या मूर्तीची स्थापना केली, ते अर्थशास्त्राचे पंडित होते, हे आपण दर्शनाला जाताना विसरतो. कर्ज कशासाठी काढले, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यापुढे उभा करून पाहावा.

आणि त्यांनी गरिबीचे गोडवे कधी गायिले नाहीत. "बुद्ध आणि त्याचा धम्म" या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले आहे की, तथागतांनी दारिद्र्याला धन्य म्हटले नाही. सचोटीने व कष्टाने मिळविलेल्या धनाचा त्यांनी आदरच केला. अनाथपिंडिकाला भगवंतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली: जवळ धन असल्याचे, त्याचा योग्य उपभोग घेण्याचे, कोणाचे ऋण नसल्याचे, आणि आचरण निर्दोष असल्याचे. तिसरे जे अनण-सुख ते आपल्या ओळखीचे नाही असे वाटते. परंतु हप्ता फिटल्याच्या दिवशी रात्री जी झोप लागते ती ज्याने अनुभवली आहे, त्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

आता हिशेबाकडे वळू. कोलियांच्या नगरात दीघजाणु नावाचा गृहस्थ भगवंतांना म्हणाला, आम्ही मुलाबाळांत राहणारी संसारी माणसे, आम्हाला झेपेल असे सांगा. भगवंतांनी त्याला ज्या गोष्टी सांगितल्या त्यांत एक समजीविता होती, म्हणजे आय आणि व्यय ओळखून बेताने जगणे. दृष्टान्त तराजूचा दिला. तराजू धरणाऱ्याला कळते की, एवढ्याने पारडे झुकले, एवढ्याने उचलले. जो मिळकत थोडी असून मोठ्या थाटाने राहतो तो उंबर खाणाऱ्यासारखा. चार फळांसाठी झाड गदागदा हलवितो आणि बाकीची मातीत घालवितो. आणि जो असून खात नाही, त्यालाही भगवंतांनी बरे म्हटले नाही.

तराजू धरावयाचा तर दोन्ही पारडी दिसली पाहिजेत. आपल्या घरात ती दिसत नाहीत. नवऱ्याने मित्राकडून घेतलेले बायकोला ठाऊक नसते. बायकोने गटातून उचललेले नवऱ्याला ठाऊक नसते. दोघेही एकमेकांना त्रास नको म्हणून लपवितात, आणि टेम्पो ठरविण्याच्या दिवशी दोन्ही कर्जे एकदम बाहेर पडतात. सिगालोवाद सुत्तात पतीची पत्नीविषयी जी कर्तव्ये सांगितली आहेत त्यांत घरातील अधिकार तिच्याकडे सोपविणे हे एक आहे, आणि मिळविलेल्याचे रक्षण करणे हे पत्नीच्या कर्तव्यांत आहे. नुसता पगार हाती देणे म्हणजे अधिकार देणे नव्हे. देणे किती, कोणाचे, कोणत्या दराने, हे तिला सांगाल तेव्हा अधिकार दिला असे होईल. भगिनींनीही आपली वही उघडावी.

त्याच सुत्तात मिळकतीचे चार भाग करावेत असे सांगितले आहे. एक भाग खर्चाला, दोन कामधंद्याला, चौथा संकटासाठी राखून ठेवावा. काही प्रवचनकार हे चार भाग फळ्यावर लिहून मोकळे होतात. मला ते पटत नाही. समजा, नवरा ठेक्यावर सोळा हजार पाचशे मिळवितो आणि बायको पॅकिंगच्या कामावर साडेसात हजार. एकूण चोवीस हजार. एका भागाचे सहा हजार झाले. त्यांतून भाडे द्यावयाचे की पोट भरावयाचे? सिगाल हा गृहपतीचा मुलगा होता, ठेकेदाराचा मजूर नव्हता. तथागतांचे वचनही बुद्धीला पटवून घ्यावे, ही तर त्यांचीच शिकवण. म्हणून आकडा सोडावा आणि त्यातील क्रम धरावा: जे आले ते सर्व खाऊन टाकावयाचे नाही, उद्याची मिळकत वाढेल अशा कामी, म्हणजे आपल्याकडे मुलांच्या शिक्षणात, काही घालावयाचे, आणि संकटाचा भाग वेगळा ठेवावयाचा. तो भाग महिना तीनशेचा असला तरी चालेल. तीनशे रुपये वेगळे ठेवलेले घर पुढच्या तापाला शेकडा पाचवाल्याच्या दारी लगेच जात नाही. आणि सिगालाला धननाशाची जी सहा दारे सांगितली, त्यांत मद्य आणि जुगार आहेतच. मोबाइलवर पैसे लावून खेळलेली रमी हा जुगारच होय, खेळणाऱ्याच्या हाती पत्ते नसले म्हणून काय झाले?

आता याच कुटुंबाने खोली बदलावी की नाही? भोसरीत भाडे सात हजार, मोशीच्या पुढे पाच हजारांत मिळते. दोन हजार वाचले, असे वाटते. पण कारखाना भोसरीतच आहे. जाण्यायेण्याचे रोज चाळीस रुपये धरले तर सव्वीस दिवसांचे एक हजार चाळीस झाले. उरले नऊशे साठ. टेम्पो, हमाली आणि करार मिळून चार हजार तीनशे धरा. तेच भरून निघावयास साडेचार महिने लागतील. आणि बायकोचे पॅकिंगचे काम दूर पडून सुटले तर वाचले काय? महिन्याला साडेसात हजारांचा खड्डा पडला. भाडे कमी तेवढ्याने घर स्वस्त होत नाही. मात्र बायकोचे काम टिकत असेल, तर अनामत रकमेकडे पाहावे. जुनी पंधरा हजार परत आली आणि नवी दहा हजार लागली, तर मधले पाच हजार हातात येतात. यावरच सारे अवलंबून आहे. ते पाच हजार नव्या घराच्या पडद्यांत आणि कपाटात गेले तर गेले. तेच तीस हजारांच्या मुद्दलात भरले, तर मुद्दल पंचवीस हजार होते आणि दरमहाचे अडीचशे रुपये व्याज त्याच दिवसापासून थांबते. ज्याचा दर सर्वांत जड ते आधी फेडावे, आणि मुद्दलात जमा केल्याची चिठ्ठी मागून घ्यावी.

घर बदलण्याच्या बाबतीत धम्माच्या माणसाला एक सोय आहे, तिचा लाभ आपण पुरेसा घेत नाही. मुहूर्त पाहणारे लोक पितृपंधरवड्यात बिऱ्हाड हलवीत नाहीत. ज्यांची मुले शाळेत जाणारी नाहीत त्यांनी खुशाल त्याच पंधरवड्यात खोली पाहावी. घरमालक थोडा नरम असतो, टेम्पोवाला रिकामा असतो. वास्तुशांत आपण करीत नाही. पण तिच्या जागी दोनशे पाने, मांडव आणि ध्वनिक्षेपक आणून परित्राणपाठाची वास्तुशांत करू नये. त्रिशरण-पंचशील घ्यावे, शेजारच्या चार घरांना चहा द्यावा. भन्तेजींना हे पुरेसे वाटत नसेल तर त्यांच्याशीही बोलावे. त्यांचा प्रश्न मी वर सांगितलाच आहे.

खोली शोधताना आपल्याला आडनाव विचारतात. हा अनुभव नवा नाही. १९१७ साली करारानुसार बडोदे संस्थानची चाकरी करण्यास गेलेल्या बाबासाहेबांना त्या शहरात कोणी जागा दिली नाही. पारशी नाव सांगून ते पारशांच्या विश्रामगृहात राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. परदेशातून पदव्या घेऊन आलेला तो विद्वान सामान बाजूला ठेवून बागेत बसून होता. म्हणून सांगतो, अडवणूक करून जादा अनामत मागणाऱ्यापुढे घाईने होकार देऊ नका. भाडेकरार लेखी व नोंदलेला असावा असा १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचा नियम आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरू सांगेल तेच खरे धरले जाते. अनामत किती दिली ते करारात लिहिलेले असले म्हणजे निघताना ती परत मागता येते, आणि त्यातूनच पुढचे देणे फिटते.

शेवटी निघण्याच्या आठवड्याविषयी. दिवसाढवळ्या निघावे. त्याआधी नवरा-बायको दोघांनी मिळून वाण्याकडे, दूधवाल्याकडे, गटाच्या ताईंकडे जावे. किती द्यावयाचे ते त्यांच्या आणि आपल्या वहीत एकसारखे लिहून घ्यावे, नवा पत्ता द्यावा, आणि दरमहा झेपेल तेवढाच आकडा सांगावा. दोन हजार सांगून पाचशे देण्यापेक्षा पाचशे सांगून पाचशे द्यावेत. पहिल्या वेळी दोन शब्द ऐकून घ्यावे लागतील. पत्ता सांगणाऱ्या माणसाला फार वेळ कोणी बोलत नाही. विहाराच्या समितीने अशा वेळी त्या कुटुंबाबरोबर एक जाणता उपासक पाठवावा. वर्गणीची पावती फाडण्यास पाच जण जातात, या कामाला एक जाण्यास हरकत नसावी.

नव्या खोलीत गेल्यावर तसबिरी लावण्यासाठी खिळे ठोकालच. त्यांच्या शेजारी दिनदर्शिकेलाही एक खिळा ठोकावा, आणि वाण्याला पैसे देण्याची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवसावर लाल शाईने लिहून ठेवावी.